साडूचा मीटर आणि मिस्त्रीची कानस

माझा साडू नांदेडला आणि मी लातूरला. मध्ये एसटीचा तीन-साडेतीन तासांचा रस्ता. दोन साडूंमध्ये एवढं अंतर पुरायला हरकत नव्हती, पण उदगीरची सासुरवाडी दोघांना एकच, त्यामुळे ते कधी पुरलं नाही. आधीच सांगून टाकतो, मी त्या माणसावर जळत होतो. तो वाईट असता तर जळायला काही कारण तरी सांगता आलं असतं. तो वाईट नव्हता. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड, मला दादा म्हणायचा, भेटला की वाकून नमस्कार करायचा. त्या नमस्कारानं माझ्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

मी आयटीआयमधून निघालेला वेल्डर. तो नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास झालेला. सासऱ्यांचं उदगीरच्या मोंढ्यात अडतीचं दुकान होतं. दुकानात कुणी आलं की ते आमची ओळख करून द्यायचे, "हे आमचे थोरले जावई, लातूरला असतात. आन् हे धाकटे, इंजिनिअर हायेत." मी लातूरला असतो, एवढीच माझी कर्तबगारी. तिथं काय करतो ते कुणी विचारलं तरच सांगायचे, आणि कुणी विचारत नसे.

तर मी काय करतो ते मीच सांगतो. भूकंप झाला त्या वर्षी माझ्याकडे पत्र्याचं एक शेड, एक वेल्डिंग मशीन आणि खिडक्यांच्या जाळ्यांची चार-दोन कामं होती. गावंच्या गावं पडली आणि माणसांना राहायला पत्र्याची शेडं हवी झाली. त्यांची दारं करायचं काम माझ्याकडे आलं. काम मिळालं म्हणून आनंद व्हावा असे ते दिवस नव्हते, आणि नको म्हणावं अशी माझी परिस्थितीही नव्हती. हाताखाली माणूस हवा होता. त्याच पट्ट्यातल्या गावचा एक लोहारकाम जाणणारा माणूस आला. माझ्याच वयाचा. त्याचं घर पडलं होतं आणि घरात आई होती. त्याबद्दल तो पुढे कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून तो माझा मिस्त्री.

एका वस्तीवर आम्ही दारं बसवत होतो. बसवलेल्या दाराशी एक लहान पोरगी खेळायला लागली. दार ढकलताना पत्र्याची कड तिच्या तळहातात शिरली. मिस्त्रीनं डोक्याचा रुमाल काढून तिचा हात बांधला आणि ती रडायची थांबेपर्यंत तिथंच बसून राहिला. येताना ट्रकमध्ये तो एकच वाक्य बोलला, "मालक, ह्या लोकांना आपून आजून कापायलाव का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून कडा घासायची कानस आणली. तेव्हापासून आमच्या शेडातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेवरून आधी त्याची कानस फिरायची आणि मग त्याचा उघडा तळहात. ग्राइंडरनं काम लवकर होतं, पण ग्राइंडर मारल्यावर कडेला कुसळासारखी बारीक धार राहते, ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते, असं त्याचं म्हणणं. हात फिरल्याशिवाय तो माल टेम्पोत चढवू द्यायचा नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचे.

पुढे लातूरला बाहेरगावच्या पोरांची रीघ लागली. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं, त्यासाठी ट्युशन लावायची आणि ट्युशनसाठी लातूरला यायचं. ज्याच्या त्याच्या घराचं होस्टेल झालं, आणि ट्युशन एरियात एकेका हॉलमध्ये शंभर-दोनशे पोरं बसू लागली. त्यांना बसायला बाक लागतात आणि झोपायला खाटा लागतात. त्या मी केल्या. शेडाचा कारखाना झाला, माणसं आठ झाली. माझ्या बाकांचं नाव होतं. ओढणी अडकत नाही, बोट कापत नाही, असं क्लासवाले म्हणायचे. मी मान हलवून ते ऐकून घ्यायचो, जणू कानस मीच मारत होतो.

आणि मग साडूनं नोकरी सोडून नांदेडला कारखाना काढला. कशाचा? बाकांचा. नांदेडलाही क्लासेस वाढले होते, म्हणून बाक आणि खाटा. जगात करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं की काय! बायको म्हणाली, "अहो, तो नांदेडला करून राहिला, तुमच्या ताटातलं काय घेतलं त्यानं?" मी म्हणालो, "तुला धंद्यातलं काय कळतं." खरं तर मलाही कळत होतं की तिचं बरोबर आहे.

ताटावरून आठवलं. त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. सासूबाईंनी दोन्ही जावयांना उदगीरला जेवायला बोलावलं. दोन पाट शेजारी शेजारी, भोवती रांगोळी, पुरणाचे धोंडे, आणि दोघांना अनारशांचं ताट. साडूच्या अनारशांवर खसखस जास्त होती. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. जेवणाला सुरुवात होते न होते तोच त्यानं खिशातून मोबाइल काढून सासऱ्यांपुढे धरला.

"मामा, हे बघा. मी आत्ता उदगीरला हाय, पण माझा कटर नांदेडला चालू हाय का बंद, ते इथं दिसतंय."

सासरे धोंडा हातात धरून बघत राहिले. मशीनच्या तारेला चिमट्यासारखं धरणारं एक बारकं यंत्र त्यानं बसवलं होतं. तारेतून वीज वाहिली की त्या यंत्राला कळायचं आणि ते मोबाइलला कळवायचं. चालू असेल तितका वेळ हिरवी पट्टी, बंद असेल तितका वेळ लाल. बाजारातलं असलं यंत्र महाग पडतं म्हणून त्यानं कॉलेजातल्या जुन्या ओळखीनं सुटे भाग आणून ते स्वतः जुळवलं होतं. एका मशीनला चांगल्या शर्टाएवढा खर्च. त्यावरून म्हणे त्याच्या लक्षात आलं की मशिनं कमी नाहीत, उभी फार राहतात. नवीन मशीन न घेता काम वाढलं.

"वा!" सासरे म्हणाले. "ह्याला म्हणतात डोकं."

सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या. सासऱ्यांनी त्यांना थांबवलं, त्यांनाही मोबाइल दाखवला. त्यांना कळलं काहीच नाही, पण कौतुकानं त्यांनी धाकट्याच्या धोंड्यावर तुपाची धार धरली, ती धरलीच. मग वाटी तशीच घेऊन त्या आत गेल्या. माझ्या पानात कोरडा धोंडा. साडू माझ्याकडे वळून आणखी काहीतरी सांगत होता, "दादा, पन लाल दिसलं की लगेच..." वगैरे. मी ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. हसू नका. तुपाविना धोंडा खाल्लेल्या थोरल्या जावयालाच ते दुःख कळेल.

लातूरला परत आल्यावर मी आठ दिवसांत तसलंच बाजारातलं महागडं यंत्र मागवलं. साडूला विचारलं असतं तर त्यानं स्वतः येऊन बसवून दिलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. एका वायरमनला धरून, त्याच्यासोबत व्हिडिओ बघत बघत, मी ते चार मशीनवर बसवलं.

आणि खोटं कशाला बोलू, यंत्र गुणाचं निघालं. पहिल्याच आठवड्यात कळलं की दुपारी आम्ही भाकरी खात बसलेलो असताना रंगकामाचा कॉम्प्रेसर मधूनमधून आपला आपण सुरू होतोय. पाइपाला चीर होती. तिचा फुसफुस आवाज मी कित्येक वर्षं ऐकत होतो आणि ते मशीनचं श्वास घेणं समजत होतो. मग कळलं की ड्रिल मशीन रोज सकाळी दहापर्यंत लाल असतं. का? तर ड्रिलचे बिट माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, आणि मी देवपूजा आटोपून दहाला येणार. तोवर माणसं वाट बघत बसत. किल्ली मी मुकाट्यानं मिस्त्रीकडे दिली. ह्यातली कॉम्प्रेसरची गोष्ट मी घरी सांगितली, किल्लीची नाही.

पण मला साडूपेक्षा जास्त हिरवं हवं होतं. त्याची पट्टी मी उदगीरला पाहिली होती, ती माझ्या डोळ्यांत खुपत होती. माझ्याकडची सगळ्यात लाल पट्टी वेल्डिंगच्या दुसऱ्या मशीनची होती. रोज दुपारनंतर दोन तास बंद. ते मशीन मिस्त्रीचं.

एका दुपारी मी मोबाइल घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. तो बाक आडवा करून कानस मारत होता.

"हे बघ. रोज दोन तास मशीन बंद. काय करून राहिलास तू?"

त्यानं चष्मा वर सरकवून पट्टीकडे पाहिलं. मग हातातली कानस जराशी वर उचलली.

"हे करून राहिलो की."

"ते ह्यात दिसत नाही."

"मशीन बंद हाय, म्हणून मी बी बंद हाय का मालक?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. जूनमध्ये क्लासेस सुरू होणार, एका मोठ्या क्लासची नवी इमारत, अडीचशे बाक द्यायचे आहेत, आणि तू इथं गोंजारत बसलास. सगळ्या कारखान्यादेखत बोललो. पंचवीस वर्षांत मी त्याला चारचौघांत असं बोललो नव्हतो. तो म्हणाला, "मंग कानस बंद करू का?" मी म्हणालो, "कर बंद. ग्राइंडर मारला की बस्स."

त्यानं कानस फडक्यात गुंडाळून खुंटीवरच्या पिशवीत ठेवली. त्या दिवसापासून पट्टी हिरवीगार. आठवडा झाल्यावर मी तिचा फोटो काढून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "लातूर." एवढंच. सासऱ्यांनी लगेच अंगठा दिला. सासूबाईंनी कुणाकडून तरी फुलांचं चित्र टाकून घेतलं. साडूनं लिहिलं, "दादा लई भारी. पन ते दोन तास कशातले वाचले?"

जळला, मी मनात म्हणालो. अखेर तोही जळला. तो दिवस माझा फार चांगला गेला. उत्तर मी दिलं नाही.

बाक वेळेच्या चार दिवस आधी पोचले. दहा-बारा दिवसांनी क्लासचा मॅनेजर टेम्पोतून एक बाक घेऊन आला. नव्या बॅचमधली एक मुलगी बाकावरून सरकताना तिचा हात पाइपाच्या कापलेल्या तोंडावरून ओढला गेला होता. टाके पडले. उजवा हात. "आता ती लिहिणार कशी?" मॅनेजर म्हणाला. "सगळे बाक परत न्या." मला आधी काय सुचलं, ते सांगायची लाज वाटते. मी विचारलं, "सगळे? अडीचशेच्या अडीचशे? का फक्त त्या रांगेतले?" मी त्याच्याशी घासाघीस करत उभा राहिलो. नवी इमारत, इतक्या वर्षांचे संबंध, आम्हीच येऊन कडा मारून देतो, बाक हलवू नका, असं बरंच काही.

मिस्त्री मागे येऊन उभा होता. त्यानं मॅनेजरला विचारलं, "तळहाताला लागलं का बोटाला?" मॅनेजरनं तळहाताकडे बोट दाखवलं. मिस्त्री बाकाशी बसला आणि त्या पाइपाच्या तोंडावरून हात फिरवला. मग उठला, हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि गेला. मला वाटलं, चहाला गेला.

तो परत आला नाही. मुखेडला त्याची लेक दिलेली होती, तो तिच्याकडे गेल्याचं चार दिवसांनी कळलं. मी निरोप धाडला नाही. मालक मी, मी कसा धाडणार? अडीचशे बाकांच्या कडा बाकीच्या माणसांनी जाऊन मारून दिल्या, काम टिकलं. पुढच्या वर्षी त्या क्लासनं बाक दुसरीकडून घेतले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त ओढणी अडकत नाही, बोट कापत नाही, हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हटलं नाही.

त्यानंतरचा धोंडा साथीच्या रोगात गेला. क्लासेसना कुलपं, ट्युशन एरियात कुत्री झोपलेली, जावयांना कोण बोलावतंय? त्याच्याही नंतरच्या धोंड्याला आम्ही पुन्हा पाटांवर बसलो. सासरे थकले होते. सासूबाईंनी या वेळी तूप आधी मला वाढलं, आणि खरं सांगतो, त्याची चव लागली नाही, कारण साडूनं तेवढ्यात मोबाइल काढला होता.

आता त्याच्या पट्टीत तिसरा रंग होता. पिवळा.

"हे काय?" मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

"हातकाम. मशीन बंद करून मानूस हातानं काम करायलाय, तर तारेला काय कळणार? म्हनून टेबलाशी एक बटन लावलं, दाराच्या घंटीचं असतं तसं. हातकाम सुरू केलं की दाबायचं. पिवळं येतं." मग तो जरा अडखळला. "मागच्या डावाला पाटावरच मी सांगितलं होतं की दादा. लाल दिसलं की लगेच बोलायचं न्हाई, आधी मानसाला विचारायचं, का बंद हाय म्हनून."

मी धोंड्याचा घास तसाच धरून बसलो. घंटीचं बटण. जगातली सगळ्यात स्वस्त वस्तू. त्याचं इंजिनिअरिंग, त्याचं ते यंत्र, ह्या सगळ्यांवर माझं जळून झालं होतं, पण इतका जळलो नव्हतो जितका त्या बटणावर जळलो. ते सुचायला कॉलेज लागत नव्हतं. मिस्त्रीनं माझ्यासमोर कानस वर उचलून धरली होती, तेव्हाच ते मला सुचायला हवं होतं.

"आन् दादा, अजून एक," साडू खाली मान घालून म्हणाला. "तुमचे मिस्त्री दोन वर्षं झाले माझ्याकडे हायेत. मुखेडहून येतात. तुम्हाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

रात्रभर तळमळलो आणि चार दिवसांनी नांदेडची एसटी धरली. ठरवलं होतं, त्याला परत आणायचं. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर सगळ्यांसमोर माफी मागायची. वाक्यंही जुळवली होती. वाटेत लोहा गाव येईपर्यंत तीच म्हणत होतो.

साडूचा कारखाना माझ्याहून लहान निघाला, पण लख्ख. मागच्या बाजूला, उजेड येतो तिथं, टेबल होतं. मिस्त्री पाठमोरा बसला होता. केस सगळे पांढरे. बाक आडवा, हातात तीच कानस, तिची लाकडी मूठ मी ओळखली. मी समोर जाऊन उभा राहिलो. तो दचकला नाही, रागावलाही नाही. कानस टेबलावर ठेवून त्यानं बटण दाबलं, काम थांबलं म्हणून. बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसलो. जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. तोच बोलला.

"मालक, त्या पोरीचा हात बरा झाला का?"

ती कुणाची कोण, कुठल्या गावाहून आलेली, तिचं शिकणं पुढे चाललं की राहिलं, मला काहीही माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मॅनेजरला एक फोन केला असता तर कळलं असतं.

"हाव," मी म्हणालो. "झाला बरा."

"चांगलं झालं," तो म्हणाला. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि कानस उचलली.